कमानीची आतली बाजू

परभणी,
२७ फेब्रुवारी १९९४

प्रिय नागनाथ,

पाकिटावरचं अक्षर पाहूनच तू ओळखलं असशील हे कोणाचं. ओळखून न फोडता बाजूला ठेवलंस तरी माझी तक्रार नाही. सहा वर्षांत मी तुला साधं पोस्टकार्ड टाकलं नाही, आता तू माझं पाकीट चार दिवस पडू दिलंस तर कुठे बिघडलं? फक्त फेकू नकोस. तुझा पुण्याचा पत्ता तुझ्या आईने, सरजाबाईंनी दिला. चोरून मिळवलेला नाही. त्या कशा भेटल्या आणि काय म्हणाल्या तेच सांगायचं आहे, पण थेट तिथे जायला हात धजत नाही. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा कागद फाडला. आता तिसऱ्यांदा बसलोय. दुकान अर्धं बंद केलंय, गिऱ्हाईक आलं तर उठायचं, नाही आलं तरी उठतोच. तुझी काकू म्हणते, चष्मा लागल्यापासून हा माणूस पाय भाजलेल्या मांजरासारखा फिरायलाय.

चष्म्याचं आधी सांगतो. डिसेंबरात मानवतला डोळ्यांचं शिबिर होतं, तिथे माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. मी जाणार नव्हतो. नर्मदाने, म्हणजे तुझ्या काकूने, माझ्या पिशवीत धोतर-टॉवेल भरून पिशवी दारात ठेवली आणि म्हणाली, जाता की मी जाऊन तुमच्या जागी झोपू? कारण असं घडलं की दिवाळीच्या आधी एका डॉक्टरच्या पाटीवर मी ‘दवाखाना’ लिहिलं आणि त्यातला ‘ख’ दोन बोटं खाली उतरला. मला दिसलाच नाही. डॉक्टर हसला, पण पाटी दुसऱ्याकडून करून घेतली. शिबिरातला डॉक्टर डोळ्यात बॅटरी मारून म्हणाला, बाबा, हा काही आजचा नाही, आठ-दहा वर्षं पिकत आलाय. मी मनात वजाबाकी केली. अठ्ठ्याऐंशी साल आडवं आलं. मी डॉक्टरला म्हटलं, साहेब, जेवायला काय काय चालतं? विषय बदलायची ही माझी जुनी खोड तुला ठाऊक आहे.

चौदा जानेवारीला मी घरात डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून पडलो होतो. रेडिओवर नामविस्ताराची बातमी आली. सरकार काही म्हणो, लोक नामांतरच म्हणतात. सोळा वर्षं ज्याच्यासाठी एवढं झालं ते एका बातमीत झालं. बाहेर फटाके वाजत होते, आणि वाजता वाजता मधेच थांबत होते, म्हणजे पोलीस आले असतील. आठ दिवसांत कॉलेजवाल्यांची माणसं दुकानात येऊन गेली, पाट्या बदलायच्या म्हणून. कॉलेजच्या नावाखाली ‘मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न’ असतं ना, त्या ओळीत आता पूर्ण नाव बसवायचं. पाटी तेवढीच, नाव दुपटीहून लांब. तू असतास तर पेन्सिल कानावर ठेवून, वितीने मोजून, दोन ओळींत बसवलं असतंस. मी पट्टी बांधून पडलेलो. सगळी कामं गेली. त्याचं मला काही वाटलं नाही असं लिहिणार होतो, पण वाटलं.

चष्मा जानेवारीच्या शेवटी मानवतलाच शिबिरात मिळाला. भिंग केवढं जाड, बाटलीच्या बुडासारखं. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर एकाची दोन माणसं दिसतात, एक मोठा आणि एक लहान, म्हणून एक डोळा मिटावाच लागतो. मी घालून पाहिला आणि पहिल्यांदा वर बघितलं. नागनाथ, आभाळ एवढं निळं असतं हे मी विसरून गेलो होतो. विसरलोय हेसुद्धा विसरलो होतो. मग तुझी काकू दिसली. मी म्हटलं, अगं, तुझे केस इतके कधी पिकले? ती म्हणाली, तुमच्या आधी. आणि तिच्या अंगावरचं लुगडं निळं. चार वर्षांमागे मीच मोंढ्याजवळच्या दुकानातून हिरवं म्हणून आणलेलं. मी विचारलं, हे निळं आहे? तर म्हणे, ‘चार वर्सं झाली निळंच हाय. मी म्हनले होते तवा. तुमी म्हनले, पेंटर मी का तू?’ शिबिरातले सगळे हसले, मीही हसलो. पण बसस्टँडपर्यंत मी तिच्या लुगड्याकडेच बघत चाललो.

त्याच दिवशी परतीची बस पेडगावला थांबली. सहा वर्षं मी या रस्त्याने जाताना बसमध्ये उलट्या बाजूला बसत आलोय, आपण रंगवलेली तुमच्या वस्तीची कमान दिसू नये म्हणून. त्या दिवशी जागा मिळाली ती नेमकी त्या बाजूची. ड्रायव्हर चहाला उतरला, मी नर्मदाला म्हटलं पाणी पिऊन येतो, आणि थेट कमानीखाली जाऊन उभा राहिलो. रस्त्याकडची बाजू निळी. ती आपण केलेली नाही, पुढच्याच वर्षी वस्तीने दुसऱ्या पेंटरकडून करून घेतली हे माझ्या कानावर आलं होतं. आत गेलो आणि वळून पाहिलं. आतली बाजू कुणी बदललेली नव्हती. वर्गणी पुरली नसेल. पांढरी अक्षरं तुझी होती, ‘पंचशील नगर’, आजही रेषेत रेष. आणि त्यामागची रंगाची जमीन, जी मी कालवली होती, ती जांभळी. नुसती झाक नाही रे, पिकल्या जांभळासारखी जांभळी, सहा वर्षं ऊन खाऊनसुद्धा. मग मी उजवा डोळा मिटला आणि डाव्याने पाहिलं. जांभळं गेलं. निळं झालं. पुढे गेलो, बाहेरची बाजू पाहिली, तीही तसलीच निळी. पुन्हा डोळा बदलला. असं मी त्या कमानीच्या आतबाहेर किती वेळा केलं मला माहीत नाही. कंडक्टर घंटी मारत होता आणि तुमच्या वस्तीतली दोन म्हातारी माणसं ओट्यावर बसून माझ्याकडे बघत होती. त्यांनी मला ओळखलं असणार. बसमध्ये येऊन बसलो आणि नर्मदाला म्हटलं, पाणी खारट होतं.

तू एकोणऐंशी साली माझ्या दुकानात कामाला आलास तेव्हा वीस वर्षांचा होतास, आणि तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. हे मी तेव्हाच ओळखलं आणि नऊ वर्षांत एकदाही बोललो नाही. रंगाचं मात्र मी तुला शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, कालवताना बघ म्हणालो. माझ्या वडलांसारखे उस्ताद होते त्यांनी मला तसंच शिकवलं होतं, डोळ्यात रंग मुरला पाहिजे म्हणून. तू मात्र दुसऱ्याच महिन्यात पत्र्याच्या बोटभर पट्ट्या कापून आणल्यास. प्रत्येक कामाचा रंग एका पट्टीवर मारायचास, वाळू द्यायचास, मागे खिळ्याने कोरायचास, निळा चार चमचे, पांढरा एक, डबा कुठल्या कंपनीचा, आणि तारेत ओवून पेटीत अंधारात ठेवायचास. मी चिडवायचो, सोनार झालास का रे, माळ ओवायलास. तू म्हणायचास, ‘उस्ताद, भिंतीवरला रंग उन्हानं बदलतो, डब्यातला डब्याडब्याला बदलतो. आपल्याजवळ एक तरी न बदलणारा पायजे.’ ओला रंग खोटं बोलतो, वाळल्यावर बघायचा. ट्यूबलाईट खोटं बोलते, उन्हात बघायचा. खाली पांढरा कोट नसला तर वरचा रंग आपला नाहीच. पिवळ्याशेजारी ठेवला की निळा वेगळाच दिसतो, म्हणून शेजार झाकून बघायचा. हे सगळं तुझं होतं. मी फक्त गिऱ्हाइकांना माझं म्हणून सांगायचो. बाजारात माझं नाव झालं, मुंजाजी पेंटरचा रंग फसत नाही म्हणून, ते तुझ्या पेटीतल्या तारेमुळे झालं. डोळ्यात मुरलेलं-बिरलेलं काही नव्हतं.

मग अठ्ठ्याऐंशी. जयंती दोन दिवसांवर, आणि सूर्यभान गुरुजींनी कमानीचं काम आपल्याला दिलेलं. तुझं गाव, तुझ्या शाळेचे मास्तर, तुझीच वस्ती, म्हणून काम आलं, नाहीतर माझ्याकडे कशाला येतं? गुरुजींनी झेंड्याचं कापड दिलं आणि सांगितलं, असाच निळा पाहिजे, बाकी काही नको. मी दुकानाच्या मागच्या खोलीत ट्यूब लावून कालवायला बसलो. मला त्या निळ्यात सारखी हिरवट झाक दिसत होती. ती मारायला मी थेंब थेंब लाल सोडत गेलो. शेवटी कापड आणि रंग शेजारी धरले, माझ्या डोळ्याला दोन्ही एक दिसले. तू पट्टी पुढे केलीस. म्हणालास, ‘उस्ताद, उन्हात नेऊन बगा एकदा. जांभळट मारायलाय.’ मी म्हणालो, अर्धी परभणी या डोळ्यांनी रंगली, आता तू मला ऊन दाखव. तू पुन्हा म्हणालास. पुन्हा म्हणालास म्हणून मी हट्टाला पेटलो. एकदाच म्हणाला असतास तर कदाचित उठलो असतो, असं मी सहा वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं नाही ते. तरीही उठलो नसतो.

बाराला जमीन मारली, तेराला तू अक्षरं काढलीस. दुपारी उन्हात वस्ती गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, हा निळा हाय का? दुसऱ्याने म्हटलं, मुद्दाम केलंय, नामांतराचा राग आपल्या कमानीवर काढला. नागनाथ, देवाशप्पथ, मला जांभळं दिसत नव्हतं. चाळीस माणसं जांभळं म्हणत होती आणि मला समोर निळं दिसत होतं. मला वाटलं ही माणसं भांडण उकरून काढतायत. आणि मी भ्यालो. का भ्यालो ते तुला कळेल, इतर कुणाला कळणार नाही. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विधिमंडळात ठराव झाला त्या दिवसांत मी भिंती रंगवत होतो. ‘नामांतर झालेच पाहिजे’ हे मी लिहिलं, आणि त्याच आठवड्यात ‘नामांतर होणार नाही’ हेही मीच लिहिलं. दोन्हीकडून मजुरी घेतली. अक्षर एकच, कुणालाही ओळखू येणारं. मी म्हणायचो, शब्द गिऱ्हाइकाचे, ब्रश माझा. पुढच्या महिन्यात खेड्याखेड्यांत वस्त्यांवर जे झालं ते ऐकून मी आठ दिवस दुकान उघडलं नाही. तेव्हापासून मनात होतं, कधीतरी कुणीतरी मला त्या दुसऱ्या भिंतीचा जाब विचारणार. त्या दिवशी कमानीखाली वाटलं, आज विचारतायत.

गुरुजींनी एवढंच विचारलं, रंग कुणी कालवला? मी तुझ्याकडे बोट केलं. म्हटलं, यानं. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, ‘व्हय, मीच. चूक झाली.’ आपल्याच पोराची चूक म्हटल्यावर लोकांचा राग जिरला, पण तो कुठे जिरला हे मी बघायला थांबलो नाही. आपण ब्रश गोळा करत होतो, लोक पांगले होते, तुझी आई पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, तेव्हा मी तुला काहीतरी बोललो. तू हातातला डबा खाली ठेवलास, झाकण नीट दाबून बसवलंस आणि घरात गेलास. दुसऱ्या दिवशी आला नाहीस, नंतर कधीच नाही. मी नर्मदाला सांगितलं की पोराने काम बिघडवलं आणि लाजून पळाला. तिने विश्वास ठेवला नाही, पण विचारलंही नाही. माळ असलेली पेटी तशीच राहिली.

मघाशी उठून गेलो होतो. एक जण दुचाकीवर नंबर टाकून घ्यायला आला होता, त्याला उद्या ये म्हटलं. आज माझा हात दुसऱ्या कशाला लागत नाही.

पेडगावहून आल्यावर दोन आठवडे मी काय केलं ते ऐक. गुरुजींनी दिलेल्या कापडाचा तुकडा तुझ्या पेटीत होता, तू त्याचीही नीट घडी घालून ठेवलेली. मी दोन पट्ट्या घेतल्या, पांढरा कोट दिला, वाळवला. चष्मा घालून डावा डोळा मिटला आणि उजव्याने, दुपारच्या उन्हात, तुझ्या चमच्यांच्या हिशेबाने निळा कालवला. कापडाशी जुळला. मग चष्मा काढला, उजवा मिटला आणि डाव्याने, कोरं मन ठेवून, त्याच कापडावरून दुसरा रंग कालवला. पुन्हा ती हिरवट झाक दिसली. पुन्हा लाल सोडला. दोन्ही एक झाले असं डाव्याने सांगितलं तेव्हा थांबलो. दुसऱ्या दिवशी वाळलेल्या पट्ट्या शेजारी ठेवून चष्म्यातून पाहिल्या. एक निळी. दुसरी तुमच्या कमानीची आतली बाजू. मी एकदाच केलं असतं तर म्हटलं असतं योगायोग. मी हे सात वेळा केलं. सात पट्ट्या निळ्या, सात जांभळ्या. नर्मदा म्हणाली, दोनातच समजलं की, बाकीच्या कशाला? मी म्हटलं, खात्री पाहिजे. ती म्हणाली, ‘खात्री न्हाई, वेळ काडायलाव.’ बाईने बरोबर नस धरली. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये आहे. ते झालं की ही जांभळी पट्टी मला पुन्हा कधी निळी दिसणार नाही, आणि मी कसा चुकलो हे मलाच दाखवता येणार नाही. म्हणून मग उठलो.

गेल्या रविवारी पेडगावला गेलो. विहारात गुरुजी होते, पंचवीसेक माणसं होती. गुरुजी आता रिटायर झालेत, आवाज तोच. मी उभा राहिलो आणि म्हटलं, अठ्ठ्याऐंशीची कमान मी कालवली होती, नागनाथने नाही, त्याने मला दोनदा सांगितलं होतं, मी ऐकलं नाही आणि नंतर खोटं बोललो. दोन पट्ट्या फिरवल्या. लोकांनी हातात घेऊन, दारात उजेडाला जाऊन पाहिल्या. एका म्हातारीने माझा चष्मासुद्धा घालून पाहिला आणि म्हणाली, ‘बाई बाई, समदंच लय मोठं दिसायलंय.’ गुरुजींनी दोन्ही पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या. मला वाटलं होतं ओरडतील, त्याची तयारी करून गेलो होतो. ते हळू आवाजात म्हणाले, मुंजाजीराव, त्या वर्षी जयंतीच्या मिरवणुकीत पोरांनी नागनाथला झेंडा धरू दिला नाही. दरवर्षी तोच धरायचा. मागे चालत होता. आम्ही पाहिलं आणि आम्हीही काही बोललो नाही. तेवढं बोलून त्यांनी पट्ट्या माझ्या हातात दिल्या. हे मला माहीत नव्हतं, नागनाथ. झेंड्याचं मला माहीत नव्हतं. तुला माझा राग आला तर तो नक्की किती यावा याचा मला आता अंदाज आलाय.

वस्तीने ठरवलंय की या जयंतीच्या आधी कमान दोन्ही बाजूंनी नव्याने करायची. गुरुजी म्हणाले, रंग नागनाथ ठरवेल, आला तर. मी म्हटलं, डबे मी धरतो.

निघालो तर सरजाबाई दारात बसलेल्या. तुमचं दार कमानीच्या अगदी समोर, म्हणजे सहा वर्षं रोज सकाळी त्यांना माझाच रंग दिसत आलाय. विहारात त्या आल्या नव्हत्या. मी पट्ट्या पुढे केल्या. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. आत भिंतीवर, पुण्याला तू ज्या छापखान्यात आहेस तिथलं कॅलेंडर होतं, कडेला चार रंगांच्या बारीक चौकटी न कापता ठेवलेलं. त्या म्हणाल्या, ‘नागनाथ म्हनतो, या चौकटी बगून मशीन बरोबर चालायलीय का कळतं. डोळ्यावर इसवास ठिवायचा न्हाई म्हने तितं.’ मी म्हटलं, बाई, माझा डोळा गेला होता, मला कळलं नाही, पोरावर आळ आला. तर त्या म्हणाल्या, ‘ते मला तवाच म्हाईत हाय. त्याच सांजच्याला सांगितलं त्यानं. म्हनला, उस्तादाचे डोळे चाललेत, आई, डब्यावरलं नाव वाचायला डबा नाकाला लावतेत. हे भाईर गेलं तर त्यांना पाटी कोन देईल? म्हनून मी व्हय म्हनलो.’ म्हणजे जे कळायला मला सहा वर्षं लागली ते तुला तेव्हाच दिसत होतं. तू भ्याला नव्हतास, दबला नव्हतास. तू माझ्या पोटाचा विचार केला होतास. आणि त्यानंतर सहा वर्षं माझ्या दुकानात पाट्या येत राहिल्या त्या तुझ्या त्या एका होकारावर. त्या म्हणाल्या, तू पेडगावात पाय ठेवत नाहीस, उन्हाळ्यात त्यांनाच पुण्याला नेतोस. मी विचारलं, रंगाचं तर त्याने मनावर घेतलं नव्हतं, मग का नाही येत? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला उत्तर कळलं. म्हणाल्या, ‘रंगाचं नगा सांगू मला. त्या दिसी तांब्या घिऊन मी हुबी होते. त्यो शबुद तिगांनीच ऐकला. तुमी, त्यो आन मी. त्यो लिवा. तुमचं अक्षर चांगलं हाय.’

तर हे पत्र त्यासाठी. तेरा एप्रिल अठ्ठ्याऐंशीच्या दुपारी, तू माझ्यासाठी तुझ्या माणसांसमोर खोटं बोललास त्याला अर्धा तास झाला नसेल, तेव्हा मी तुला म्हणालो, ‘तुमच्या लोकांना निळा झेंडा मिरवता येतो, निळा कालवता येत नाही.’ हे माझं वाक्य. कुणा गिऱ्हाइकाचं नाही. ते बोलताना मला सगळं स्वच्छ दिसत होतं, तुझा चेहरा, आणि मागे तांब्या घेऊन उभी असलेली तुझी आई. मोतीबिंदू रंगाला कारण झाला, या वाक्याला नाही. ते नीच होतं, आणि बोलताना मला ते हुशारीचं वाटलं होतं, याची लाज त्याहून मोठी आहे. मी तुझी माफी मागतो. सरजाबाईंना मी म्हटलं, लिहितो, आणि पाठवण्याआधी तुम्हाला वाचून दाखवतो. तर त्या म्हणाल्या, ‘तुमच्या तोंडून मला पुना न्हाई ऐकायचं. त्याला पाठवा. त्यो हितं यिऊन वाचून दावंल.’ मी म्हटलं, बाई, सहा वर्षांत तो इथे आलेला नाही. त्या म्हणाल्या, ‘म्हनूनच तर लिवा म्हनायलेय.’

तुझाच,
मुंजाजी